सोळा शास्त्रज्ञांचा तक्तासंच: छपाई उत्तम, मजकूर अपुरा

वर्गाच्या भिंतीसाठी मी सीताबर्डीतील एका दुकानातून सोळा शास्त्रज्ञांच्या तक्त्यांचा संच ३५० रुपयांना घेतला. कागद जाड आहे, अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येते आणि दोन महिने कूलरच्या दमट हवेत टांगूनही कडा वळलेल्या नाहीत. माझी तक्रार मजकुराबद्दल आहे.

रामानुजन यांच्या तक्त्यावर नामगिरी देवीवरील त्यांच्या श्रद्धेचा उल्लेख आहे, न्यूटन यांच्या तक्त्यावर बायबलच्या अभ्यासाचा, तर आइन्स्टाइन यांच्या तक्त्यावर तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या, म्हणजे निसर्गातच असलेल्या, ईश्वराचा. संचातील एकमेव स्त्री मेरी क्युरी. त्यांच्या तक्त्यावर त्याच जागी ‘आदर्श पत्नी व दोन मुलींची आई’ असे छापले आहे. सातवीतील एका मुलीने नेमके त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “मॅडम, या बाई देवाला मानत होत्या का?” खरे तर हे उत्तर तक्त्यावरच हवे होते. मेरींची आई श्रद्धाळू कॅथलिक होती. पण आधी थोरली बहीण आणि मग आई गेल्यावर मेरींची श्रद्धा उरली नाही. १८९५ मध्ये त्यांनी चर्चमध्ये न जाता नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्या दिवशीचा गडद निळा पोशाख पुढे प्रयोगशाळेत वापरला. याउलट स्फटिकांच्या अभ्यासक कॅथलीन लॉन्सडेल क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या होत्या. त्या पंथाच्या शांततावादापायी त्यांनी १९४३ मध्ये महिनाभर तुरुंगवास पत्करला आणि १९४५ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञानसंस्थेवर निवडून आलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक ठरल्या. संचात त्या नाहीत.

शास्त्रज्ञ म्हणजे पुरुषच, ही नजर जुनीच आहे. १९१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स ल्यूबा यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांना ईश्वराबद्दल विचारले, तेव्हा नावे ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’ या सूचीतून निवडली होती. प्रार्थनेला उत्तर देणारा ईश्वर सुमारे ४० टक्के जणांनी मानला आणि १९९६ च्या फेरपाहणीतही प्रमाण जवळपास तेच निघाले. त्या सूचीत स्त्रिया १९०६ च्या पहिल्या आवृत्तीपासून होत्या. शीर्षकात ‘विमेन’ यायला मात्र १९७१ उजाडले.

२०२३ मध्ये आपल्या नागपुरात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मुख्य विषयातच महिला सक्षमीकरण होते. त्या शहरातील मुलींसमोर क्युरींची ओळख पत्नी आणि आई एवढ्यावरच थांबावी, हे मला मान्य नाही. ती ओळ पांढऱ्या पट्टीने झाकून मी वर खरी माहिती लिहिली आहे. लॉन्सडेल यांचा तक्ता सातवीच्या मुली तयार करत आहेत. चित्रांसाठी संच जरूर घ्यावा. पाचपैकी तीन तारे.