खेळाडूवर खटला: ब्लॉगर वाचावा की कोर्टाचा बातमीदार?

खेळाडूवर गुन्हा दाखल झाला की क्रीडा ब्लॉगर तासाभरात मत देऊन मोकळा होतो. कोर्टाचा बातमीदार 'कथित' हा शब्द निकालापर्यंत सोडत नाही. वाचायला ब्लॉगरच मजेदार, हे मान्य. करारातली कलमं, बंदीचे नियम त्याला तोंडपाठ. बातमीदाराला कधीकधी ऑफसाइडही कळत नाही.

कायद्याशी गाठ पडली की मात्र पारडं फिरतं. प्रेयसीला गोळ्या घालून मारणारा दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याला २०१४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो खून ठरवला. मुद्दा हेतूबद्दलच्या कायद्याचा होता. निकालपत्र न वाचता ब्लॉगर तो समजावणार कसा? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रोस (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) खेळाडूंवर २००६ मध्ये बलात्काराचा आरोप झाला, तेव्हा त्यांना अनेकांनी आधीच गुन्हेगार ठरवलं (मुरलेले पत्रकारही त्यात होते, हेही सांगायला हवं). २००७ मध्ये आरोप रद्द झाले, सरकारी वकिलाची सनद गेली.

निलंबन किती, संघाचं पुढे काय, यासाठी मी ब्लॉगरच वाचतो. दोषी की निर्दोष, यासाठी नाही. अपवाद एकच: मूळ कागदपत्रं जोडणारा आणि चूक गुपचूप न पुसता खाली दुरुस्ती छापणारा ब्लॉगर. तो माझ्या लेखी पत्रकारच.