फुकटचा वकील म्हणून नाक मुरडलं होतं, आता चार स्टार देतोय

मामेभावाला अटक झाली, चोरीचे मोबाईल विकत घेतल्याचं कलम. घरात सगळ्यांचं एकच, पैसे गेले तरी चालतील पण वकील प्रायव्हेटच हवा. कोर्टाच्या गेटवरच एक गाठला (नाव नको), त्याने पंचवीस हजार आधी मोजून घेतले, पहिला बेल अर्ज फेटाळला गेला आणि मग दर फोनला एकच रेकॉर्ड, "चार्जशीट येऊ द्या, मग बघू." चार्जशीट म्हणजे पोलिसांनी कोर्टात द्यायचं आरोपपत्र, आणि हा सल्ला किती उलटा होता ते नंतर कळलं.

शेवटी भावानेच जेलमधून मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज केला, बराकीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून. मला वाटायचं याला उत्पन्नाचा दाखला वगैरे लागत असेल. तसं काही नाही, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे ते.

ज्या वकील मॅडम मिळाल्या त्यांनी गुन्ह्याबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "पहिला रिमांड कधीचा?" मी अटकेची तारीख सांगितली तर म्हणाल्या ती नको, रिमांडची द्या, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवलं ती तारीख. डायरीच्या मागच्या पानावर तो दिवस धरून आकडे मांडत गेल्या आणि ६० ला गोल केला. आम्ही तेव्हा ५२ वर होतो! बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १८७, ६० दिवसांत चार्जशीट नाही आली तर जामीन हक्काने मिळतो, गुन्हा दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप किंवा फाशीच्या शिक्षेचा असेल तर ९०. पण अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे, पोलिसांनी आधी दाखल केली की हक्क गेला, आणि आमचा तो पंचवीस हजारवाला नेमकी चार्जशीटचीच वाट बघत बसला होता.

६१ व्या दिवशी मॅडम कोर्ट उघडायच्या आधीच काउंटरवर. अर्जावर शिक्का तर घेतलाच, वर कारकुनाकडून वेळही लिहून घेतली, १०.५०. चार्जशीट दुपारी आली. सुनावणीत भाऊ चोर की साव यावर एक शब्द नाही, नुसती दिवसांची मोजणी. जामीन मंजूर.

आता एक स्टार का कापला. ऑर्डर झाली पण १५ हजारांचा जामीनदार कुठून आणायचा, सातबारावाला काका तयार झाला तर ऐपत दाखल्यासाठी हेलपाटे, त्यात चार दिवस गेले, आणि मॅडम दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या, फोन उचलेनात. पाचव्या दिवशी त्यांनीच तात्पुरत्या कॅश बेलचा (जामीनदाराऐवजी रोख भरून सुटण्याचा) अर्ज दिला आणि तो लगेच मंजूर झाला. अहो, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सुचवलं? भाऊ जामीन मिळूनही आतच ना. रिलीज ऑर्डर जेलवर पोचायला उशीर झाला म्हणून अजून एक रात्र गेली ती वेगळी, पण ते त्यांच्या हातात नव्हतं.

केस चालू आहे, सुटलाय तो फक्त जामिनावर. तारखांनाही याच मॅडम येतात, अजून एक रुपया मागितलेला नाही.

कुणाला गरज पडली तर हेल्पलाइन १५१००, आणि रिमांडची तारीख आधी शोधून ठेवा, तिथे तीच विचारतात.