भिंग पास, पेन काठावर

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून बायकोला हिऱ्याची अंगठी घ्यायची ठरलं, आणि हिऱ्यातलं मला कळतं किती तर शून्य, म्हणून दुकानात जायच्या आधी ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या. एक लूप, म्हणजे सराफ डोळ्याला लावतात ते भिंग, ३४० रुपये, आणि दुसरं डायमंड टेस्टर पेन, ६५० रुपये. महिनाभर दोन्ही वापरून मग लिहितोय.

आधी लूप. हावरटपणा करून पहिल्यांदा ३० पट लिहिलेलं घेतलं होतं, ते फालतू निघालं, मधे जरासं दिसतं आणि कडेला सगळं धुरकट. परत केलं. १० पटच घ्या, हिरे तपासणारे लॅबवाले क्लॅरिटीची, म्हणजे खडा किती स्वच्छ त्याची, ग्रेड १० पटीवरच ठरवतात. आणि धरायचं कसं ते डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही, मी दोन दिवस पेपर वाचल्यासारखं हात लांब करून बघत होतो, काही दिसेना. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि खडा इंचभरावर आणायचा, मग दिसतं.

पहिल्या शोरूममधे भिंग खिशातून काढल्याबरोबर सेल्समनचा चेहराच बदलला. "सर, सर्टिफिकेट आहे ना, मग कशाला?" जरा दारापाशी उजेडात बघू का विचारलं तर तेही नाही. वर पन्नास स्पॉटलाइट, त्यात काहीही चमकणार हो. चहा पिऊन निघालो (चहा चांगला होता).

मग सराफ बाजार. गाडी लावायला अर्धा तास गेला, तो वेगळा विषय. तिथल्या काकांनी भिंग बघितलं आणि हसले, चिमटा दिला, पांढरा कागद दुमडून दिला आणि म्हणाले, "दिव्याखालून बाजूला या आधी, दिव्याखाली काचसुद्धा नाचते." हिरा कागदावर उलटा ठेवून बाजूने बघायला लावला, कलर असा बघतात, वरून चमक असते म्हणून पिवळेपणा लपतो. डी पासून झेड पर्यंत स्केल, डी म्हणजे बिनरंगी आणि पुढे पिवळेपणा वाढत जातो, जी आणि एच शेजारी ठेवले तर मला काडीचा फरक कळला नाही, काका म्हणाले पिवळ्या सोन्यात बसवल्यावर कुणालाच कळत नाही, एच घ्या, पैसे वाचवा. स्वतःचं नुकसान करणारा सल्ला देणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला.

भिंगाची खरी मजा पुढे आली. खड्याला जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबचा रिपोर्ट होता, क्लॅरिटी व्हीएस टू, म्हणजे अगदी बारीक डाग. लहान हिऱ्याच्या त्या छोट्या रिपोर्टमधे, डॉसियरमधे, डागांचा नकाशा नसतो, नुसती नावं असतात, फेदर वगैरे, पण हिऱ्याच्या कडेला, गर्डलवर, रिपोर्ट नंबर लेझरने कोरलेला असतो. श्वास रोखून पाच मिनिटं फिरवला तेव्हा सापडला, मोबाईलवर रिपोर्ट उघडून एकेक आकडा जुळवला. फेदर पण दिसलं, कडेला पांढरी बारीक रेघ, मधोमध काळा ठिपका असता तर नको म्हटलं असतं. आणि हे सगळं सुटा खडा असतानाच करा, अंगठीत बसवला की नंबर बऱ्याचदा खडा धरणाऱ्या दांड्यांखाली जातो.

वजनाचं पण काकांनीच सांगितलं. ५० सेंट म्हणजे अर्धा कॅरेट, ०.१ ग्रॅम फक्त, पण ५० चा आकडा गाठला की कॅरेटमागचा भावच उडी मारतो. आम्ही ४८ सेंटचा घेतला, बोटावर कुणी ओळखून दाखवावं. कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते, मात्र एक्सलंट ग्रेडचाच घेतला, तिथे काटकसर करू नका, चमक तिथूनच येते.

आता पेन. हे उष्णता किती पटकन वाहते ते बघतं, हिरा असला की पीं पीं करतं, त्यामुळे अमेरिकन डायमंडची नक्कल लगेच पकडतं. पण मॉइसनाइट म्हणून हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा असतो, त्याला पण पीं पीं करतं. आणि लॅबमधे बनवलेल्या, सीव्हीडी म्हणतात त्या हिऱ्याला तर करणारच, तो पण खरा हिराच, फक्त जमिनीतला नाही, आणि भाव त्याचा कितीतरी कमी. तिथे पेन घरी ठेवा, रिपोर्ट आणि गर्डलवरचा लॅब ग्रोन शिक्काच कामाचा. धातूला टोक लागलं तर वेगळाच आवाज, एक खडा तपासला की थोडं थांबायचं, कटकट आहे.

पण घरी आईची १९९४ सालची चमकी निघाली, बाबा तीस वर्षं म्हणत आलेत की तो साधा खडा आहे. पेन लावलं, पीं पीं! मॉइसनाइट असेल म्हणावं तर ते दागिन्यात आलंच १९९८ च्या सुमाराला, आणि तेव्हा कुठलं सीव्हीडी. म्हणजे खरा हिरा. बाबा गप्प.

लूप ५ पैकी ५, पेन अडीच. आईने चमकी डबीतून काढून नाकात घातलीये आणि पेन माझ्याकडून मागून घेतलंय, शेजारच्या काकूंच्या कुड्या तपासायच्यात म्हणे.