एमजी बी जीटीचा हीटर : दुरुस्तीनंतर हिवाळाभर वापरून

आधी निकाल सांगतो, तपशील मागाहून. गाडी १९७२ ची एमजी बी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. हीटर पूर्ण खोलून पुन्हा बसवला आणि त्यानंतर अख्खा हिवाळा वापरला. आता काच साफ राहते आणि पाय गार पडत नाहीत. या हीटरकडून यापेक्षा जास्त मागू नये. १९६२ साली मूळ एमजी बी बाजारात आली तेव्हा हीटर जादा पैसे मोजून घ्यायची गोष्ट होती, यावरूनच काय ते समजा.

फरक सगळ्यात जास्त कशाने पडला? साफ केलेल्या कोरने (इंजिनचं गरम पाणी ज्यातून फिरतं तो हीटरमधला छोटा रेडिएटर) पडला, पण थोडा. मोटरच्या वायरिंगने अजून थोडा. खरी कमाल फोमच्या पट्ट्यांनी केली. जुन्या गाडीचा हीटर गार पडला की सगळे पाण्याच्या मागे लागतात आणि हवेकडे कोणी बघत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दुरुस्तीआधी इंजिन नीट तापायचं, नॉब पूर्ण फिरवलेला असायचा, पंख्याचा आवाजही यायचा, पण हवा जेमतेम कोमट. ‘कोर बदल’ हा सल्ला हमखास मिळतो. कोर बदलण्याआधी बॉनेट उघडून हीटरच्या दोन्ही होजना (पाण्याच्या रबरी नळ्यांना) हात लावून पाहा. पंख्यापासून आणि त्याच्या बेल्टपासून बाही लांब ठेवा. दोन्ही होज गार असतील तर पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही : पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडत नसेल, नाहीतर एअरलॉक (पाण्याच्या वाटेत अडकलेली हवा) असेल. एक कडक गरम आणि दुसरी कोमट, तर कोर आतून चोकअप झालाय असं धरायला हरकत नाही. दोन्ही सारख्याच गरम आणि तरी हवा गार, तर पाणी आपलं काम करतंय. दुखणं हवेच्या वाटेत आहे. माझ्याकडे पहिली होज चांगली तापायची, दुसरी तिच्याहून थोडी कमी. म्हणजे कोरमध्ये थोडा गाळ होता खरा, पण हवा एवढी गार यावी इतका नव्हता.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आधी तपासावा, कारण ते सोपं आहे. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवायचा. होज बराच वेळ गार राहून मग एकदम तापली तर थर्मोस्टॅट ठीक. पहिल्यापासून हळूहळू तापत गेली तर तो उघडाच अडकलाय. या गाडीला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट नेहमीचा, थंडीसाठी ८८ चा आणि उष्ण प्रदेशासाठी ७४ चा. आकडा त्याच्यावरच ठोकलेला असतो. माझ्यात ७४ चा निघाला. मी ८२ चा टाकला. ८८ चा मोह होतो, पण तो उन्हाळ्याआधी आठवणीने बदलावा लागतो आणि असली कामं माझ्याकडून राहतात.

मग व्हॉल्व्ह. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसवलेला असतो आणि डॅशवरच्या नॉबच्या केबलने उघडतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. नॉब फिरतो, केबल हलते, व्हॉल्व्हचा दांडाही हलतो, म्हणून आपण समाधानाने बॉनेट लावतो. पण केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमध्ये सरकत असेल तर दांडा अर्ध्यावरच थांबतो. एकाने नॉब फिरवायचा आणि दुसऱ्याने दांडा बघायचा. हाताने तो आणखी पुढे गेला तर क्लिप आवळणं एवढंच काम. माझा व्हॉल्व्ह गंजून जवळजवळ जाम झाला होता, त्यामुळे नवा बसवला. पहिला नवा व्हॉल्व्ह काही आठवड्यांतच दांड्यापाशी ठिबकायला लागला. विक्रेत्याने बदलून दिला. दुसरा अजून कोरडा आहे. सुटे भाग नव्याने बनतात ही चांगली गोष्ट, पण नवं म्हणजे चांगलं असं धरून चालू नका. जुना व्हॉल्व्ह नुसता कडक झाला असेल तर तोच साफ करून वापरा.

पायाशी ओल दिसली तर लगेच कोर फुटला म्हणू नका. काचेच्या खालच्या जाळीतून आत येणारं पावसाचं पाणी वाहून जायला एक रबरी नळी असते. ती पानांच्या कचऱ्याने तुंबली की तेच पाणी आत येऊन गालिच्यात मुरतं. बोट बुडवून पाहा : पावसाचं पाणी नुसतं पाणी असतं. इंजिनात आणि हीटरमध्ये फिरणारं कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर धरतो. चव मात्र घेऊ नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. घरात कुत्रं-मांजर असेल तर जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन काढा.

आता हीटरचा डबा. हे काम किचकट म्हणून बदनाम आहे आणि ती बदनामी खोटी नाही. डबा इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) कट्ट्यावर बसतो. भोवतीचे स्क्रू काढले, केबली सोडवल्या, होज काढल्या तरी तो हलत नाही, कारण जुनं सील पत्र्याला चिकटून बसलेलं असतं. पुढे वायरिंगचा जुडगा अडवतो. जोर लावण्याआधी सगळे स्क्रू निघालेत ना ते आरशात बघून खात्री करा, नाहीतर डब्याची कड वाकते. होज काढताना ओढू नका. कोरच्या नळ्या पातळ पितळेच्या असतात आणि पिरगळल्या की सांध्यातून सुटतात. जुनी होज चिकटली असेल तर सरळ उभी कापा. होज नवी मिळते.

डबा उघडला आणि सगळा उलगडा झाला. कोरच्या चारी बाजूंनी फोमची पट्टी असायला हवी. पंख्याने ढकललेली हवा कोरच्या पाकळ्यांमधूनच जावी, बाजूने सटकू नये, एवढ्यासाठी ती असते. माझ्या डब्यात पट्टीच्या जागी काळा चुरा होता, जुन्या खोडरबराचा पडतो तसा. बोट लावलं की गळून पडत होता. कोर आणि डबा यांच्यामध्ये सगळीकडून करंगळी जाईल एवढी फट. हवेला कोरच्या दाट जाळीतून जायची गरजच उरली नव्हती. ती फटीतून गारच्या गारच पुढे जायची. डॅशवर अधूनमधून काळे कण का पडायचे तेही तेव्हाच कळलं.

कोर उलट्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. बराच तपकिरी गाळ निघाला. मग सायट्रिक अॅसिडच्या पातळ द्रावणात ठेवून पुन्हा धुतला. एक तोंड बंद करून पाण्यात बुडवला आणि हलकी हवा भरून बुडबुडे पाहिले. दाब गाडीच्या रेडिएटर कॅपवर लिहिलेल्या आकड्याच्या वर नेऊ नये. गळती नव्हती, म्हणून जुनाच कोर परत बसवला.

फोम बंद छिद्रांचाच घ्या. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो आणि लवकर कुजतो. कोरभोवती तो थोडा दाबला जाईल इतका जाड हवा. आतल्या झडपेच्या कडेलाही पट्टी लागते, नाहीतर हवा काचेकडे वळवली तरी अर्धी पायाशीच जाते. डबा आणि फायरवॉल यांच्यामधल्या सीलमध्ये कंजुषी नको. ते फक्त हवेसाठी नसतं. तिथे फट राहिली तर इंजिनच्या बाजूचा धूर आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नवं सील लावल्यावर डबा परत बसवणं काढण्याहून कठीण जातं. सील दाबून धरायला दोन माणसं हवीतच.

पंख्याची मोटर बदलली नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट आणि मोटरच्या टोकांवर त्याहून दोनेक व्होल्ट कमी, म्हणजे ताकद वाटेतच मुरत होती. वायरी जोडणारे बुलेट कनेक्टर आणि अर्थ (गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी) घासून साफ केले, तेवढ्याने पंख्याचा सूर चढला. १९६७ च्या आधीच्या, पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक पत्र्याला जोडलेल्या) गाड्या कोणी निगेटिव्हवर आणल्या असतील आणि मोटर कायम चुंबकाची असेल, तर तिच्या वायरींची अदलाबदल झालीय का बघा. उलट्या फिरणाऱ्या पंख्याची हवा नावापुरतीच येते.

कूलंट भरताना हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा आणि सावकाश भरा. इंजिन गार असतानाच हीटरची परतीची होज सोडून त्यातूनही भरलं की एअरलॉकची कटकट बरीच कमी होते.

आता हिवाळाभरचा अनुभव. बाहेर ५-६ अंश असताना पायाशी येणारी हवा पूर्वी पस्तिशीच्या पुढे जात नव्हती. आता रस्त्याच्या वेगाला पन्नाशीच्या वर असते. सिग्नलला उभं राहिलं की ती उतरते, कारण पाण्याचा पंप इंजिनच्या वेगानेच फिरतो. वेगात पंखा बंद केला तरी जाळीतून हवा येत राहते, त्यामुळे महामार्गावर मी पंखा लावतच नाही; त्याचा आवाज अजूनही त्रासदायक आहे. सुरुवातीला फोमच्या गोंदाचा वास येत होता, तो आपोआप गेला. प्रवाशाच्या बाजूचा काचेचा खालचा कोपरा मात्र उशिराच साफ होतो. तिकडची नळी निसटली असेल म्हणून पाहिलं, ती जागेवर आहे.

उन्हाळ्याची तक्रार वेगळी. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी पायाशी ऊब येते. होज गार असते, म्हणजे पाणी थांबलंय. ही उष्णता गिअरबॉक्सच्या बोगद्यातून येते. त्यावर उपाय गालिच्याखालचं इन्सुलेशन, आणि ते काम अजून हातात घेतलेलं नाही.