वानरांनी पाडलेले पोचे, आणि रंगाला हात न लावता ते काढणारा पोरगा

यंदा एप्रिलमध्ये नारळ उतरवायला गडी येणार होता. गाडीवर एखादा नारळ पडायला नको म्हणून मी फियाट मांगरातून (शेडमधून) काढून हापूसच्या झाडाखाली लावली. शहाणपणाच केला म्हणायचा. अर्ध्या तासात सात-आठ वानरं आली. आंब्यावरून गाडीच्या टपावर, टपावरून चिऱ्याच्या गडग्यावर, परत टपावर. मी काठी घेऊन पोचेपर्यंत टपावर चार पोचे पडले होते आणि बॉनेटवर अर्धवट खाल्लेल्या कैऱ्यांचे तीन. ड्रायव्हरच्या दाराला आधीचा एक होताच, दोन वर्षांपूर्वी पावस गावच्या बाजारात कुणाच्या तरी मोटरसायकलच्या फूटरेस्टने ओढलेली वीतभर रेघ. एकूण आठ.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट आस्मानी. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट निघाली, तिचंच पुढे नाव बदललं, पण आमच्याकडे ते नाव कुणी मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी थांबली, तेव्हापासून मात्र रस्त्यात थांबवून "विकणार काय?" विचारणारे वाढलेत. नाही विकणार. हिची किंमत माझ्या लेखी एका गोष्टीत आहे: उजवा मागचा पंखा (चाकावरचा पत्रा) सोडला तर अंगावर सगळा कंपनीचा रंग आहे. त्या पंख्याचं पुढे येईलच.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे मत कुठून आलंय ते कळेल. एसटीत ३१ वर्षं बॉडी सेक्शनला काढली. हातोडा, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), लांबी (खड्डे भरायची पुट्टी), पॉलिश पेपर यातच जन्म गेला. त्यामुळे 'रंग न काढता पोचे काढून मिळतील' असं कुणी म्हणालं की मला लहानपणी आळीत यायचा तो 'पोचे काढून, कल्हई करून' ओरडणारा आठवायचा. भांड्याचं ठीक आहे, रंगवलेल्या पत्र्याचं कसं जमणार? पत्रा ठोकला की रंग तडकणार, हे मी हजार वेळा डोळ्यांनी बघितलंय.

पण आपल्याच पद्धतीने करायचं तर काय होतं तेही मला पाठ होतं. रंग खरवडा, पत्रा उघडा करा, डॉली लावून ठोका, ताणला असेल तर गरम करून ओल्या फडक्याने आवळा, मग लांबी, घासणं, सर्फेसर (रंगाखालचा थर), परत घासणं, रंग. आणि चाळीस वर्षं उन्हात विटलेला आस्मानी मिळवणार कुठून? टप नवा दिसला की दारं जुनी दिसतात, दारं केली की डिकी. एक पोचा काढायला गेलं की अख्खी गाडी रंगते. रत्नागिरीत मला ५५ हजार सांगितले, २५ दिवस. त्यात आमची हवा. मे महिन्याच्या शेवटी आभाळ भरलं की थिनरच्या रंगावर पांढुरकी साय धरते, आणि लांबीच्या खाली एकदा दमट शिरलं की दोन पावसाळ्यांत रंगाला फोड. खाऱ्या वाऱ्यात कंपनीचा रंग टिकतो तसा हातचा टिकत नाही. हे मी माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितोय, पण खरं आहे.

पुतण्याने नंबर दिला. पोरगा कोल्हापूरचा, तिशीच्या आतला. महिन्यातून दोनदा आंबा घाट उतरून रत्नागिरीला येतो, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांची कामं करतो. दुकान नाही, पाटी नाही, एक व्हॅन आणि मागे हत्यारं. फोनवर भाव सांगायच्या आधी त्याने तीन गोष्टी विचारल्या. रंग कंपनीचाच हाय का, खाली लांबी हाय का, आणि आतनं गंज हाय का. तिथेच मला तो आवडला. कामाचा माणूस आधी पत्र्याची चौकशी करतो. फोटो कसे काढायचे तेही त्याने शिकवलं: पोच्यासमोर उभं राहून नाही, तर तिरकं उभं राहून, पडवीच्या वाशांचं प्रतिबिंब पोच्यावर पडेल असं. वासे सरळ दिसले तर पत्रा सरळ, वासे जिथे वाकले तिथे पोचा. एवढी वर्षं मी हाताने चाचपून पोचा शोधायचो. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती.

यायचं ठरलं मंगळवारी, आला बुधवारी. घाटात ट्रक आडवा झाला होता म्हणे. असेल. पण एक फोन करता आला असता, मी दिवसभर खळ्यात मांडव घालून बसलो होतो.

आल्या आल्या त्याने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं आणि गाडीला जागोजागी टेकवत गेला. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवणारं. टप ११५, बॉनेट १२०, दार १३०. मी मान डोलावत मागे मागे. उजव्या मागच्या पंख्यावर टेकवलं तर आकडा हजाराच्या वर. त्याने परत टेकवलं.

"काका, हितं कुणीतरी दाबून लांबी भरल्या बघा. पत्रा उठवायचा कंटाळा केलाय गड्यानं."

मी गप्प. चहा घेऊन आलेली आमची ही म्हणाली, "ह्यांनीच भरलेली हो ती. डॉक्टरांची गाडी होती तेव्हा."

खरं आहे. १९९८ साल, गणपती दोन दिवसांवर, आणि डॉक्टरांना गाडी हवी होती. पोरगा एवढा लाजला की त्याने चहात बिस्किट बुडवलं ते तिथेच राहिलं. मीच म्हटलं, बरोबर बोललास, कंटाळाच केला होता.

आता काम. टपाला आतून हात घालायचा तर छताचं रेक्झिन खाली घ्यावं लागतं. त्याने ते मागच्या बाजूने प्लॅस्टिकच्या पाचरीने अलगद सोडवलं, स्क्रू-ड्रायव्हर लावला नाही. मग हत्यारांची गुंडाळी उलगडली. स्टीलच्या सळया, करंगळीएवढीपासून आंबे उतरवायच्या झेल्याच्या काठीइतक्या लांबपर्यंत, टोकं वेगवेगळी वाकवलेली, काहींच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. बाहेरून टपावर एक दिव्याची पाटी उभी केली, तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा. रेघांचं प्रतिबिंब पत्र्यात पडतं. चांगल्या जागी रेघा ताठ, पोच्याजवळ आल्या की वाकड्या. सळईचं टोक आत नेमकं कुठे टेकलंय ते त्याला हाताने दिसत नाही, रेघ थरथरते त्यावरून कळतं.

मी शेजारी स्टूल घेऊन बसलो. पहिली दहा मिनिटं काहीच होईना. मला वाटलं, हा नुसता खाजवतोय. मग लक्षात आलं, त्याने पोच्याच्या मध्यावर जोर लावलेलाच नाही. पोचा पडतो तेव्हा भोवती एक बारीक उंचवटा धरतो, हाताला लागेल न लागेल असा. तोच पोच्याला आत धरून ठेवतो. हा पोरगा आतून थोडं ढकलायचा, बाहेरून त्या उंचवट्यावर नायलॉनची टोची ठेवून छोट्या हातोडीने टिक टिक करायचा, परत आत. तांदळाच्या दाण्याएवढं एका वेळी. आम्ही हेच हातोडा-डॉलीने करायचो, पण आमचा एक ठोका म्हणजे याचे पन्नास. पत्र्याला घाई केली की तो ताणतो, आणि ताणलेला पत्रा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मध्येमध्ये गरम हवेचं मशीन फिरवून रंग कोमट करायचा. जुना रंग कडक झालेला असतो, थंड असताना वाकवला तर केसासारखी चीर जाते.

"पत्रा जिथनं गेलाय तिथनंच माघारी आणायचा, काका. दुसऱ्या वाटनं आणला की रुसतोय."

चाळीस मिनिटांनी पहिल्या पोच्यावरच्या रेघा ताठ झाल्या. मी चष्मा पुसून बघितलं, मग डोळे मिटून तळहात फिरवला. डोळ्याला फसवता येतं, तळहाताला नाही. काही लागलं नाही. कंपनीच्या रंगाला संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरबरीतपणा असतो, तोसुद्धा तसाच होता.

सगळे मात्र असे निघाले नाहीत, तेही लिहितो. टपाचे तीन पोचे गेले. चौथा, जिथे थोरलं वानर उतरलं असणार, तिथे पत्रा ताणला गेलाय. तो वर आला, पण दाबला की डब्याच्या झाकणासारखा टप्प वाजतो. "ह्याला ह्याच्यापुढं छेडलं तर बिघडंल," म्हणून पोराने हात काढला. बरोबर केलं. बॉनेटचे दोन सळईने निघाले. तिसरा नेमका आतल्या पट्टीवर, तिथे सळई जात नाही. बाहेरून गोंदाने नायलॉनचं बोंड चिकटवून खेचायचं, हा एकच उपाय. नव्या गाडीवर तो बेधडक करतो म्हणाला, पण एवढ्या जुन्या रंगाची हमी देणार नाही, खपलीसकट आला तर आला. मी म्हटलं राहू दे. कैरीएवढा पोचा आहे, कैरीनेच पडलाय, शोभतो.

दाराच्या रेघेवरून मात्र आमचं वाजलं. तिच्यामागे हत्यार पोचायला दाराच्या आतल्या कडेला एक भोक पाडून नंतर रबरी बूच बसवतो म्हणाला. सगळे असंच करतात म्हणे. कोल्हापुरात करत असतील. इथे समुद्र दोन मैलांवर आहे. पत्र्याला नवं भोक म्हणजे गंजाला आमंत्रण, बूच असो नाहीतर काही असो. मी नाही म्हटलं. तो थोडा घुश्शात गेला, पण मग काच खाली करून काचेच्या फटीतून आणि दाराच्या तळाच्या पाणी जायच्या भोकातून सळया घालून दीड तास झगडला. रेघ धारदार असली की पत्रा तिथे मोडून दुमडलेलाच असतो. पाऊण भाग गेली, पाव राहिली. संध्याकाळचं ऊन तिरकं आलं की दिसते. हे त्याने फोटो बघूनच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही.

लांबीच्या पंख्याला त्याने हात लावला नाही. लावूही नये. खाली लांबी असली की आतून ढकलल्यावर ती तडकून रंगासकट सुटते.

सकाळी दहाला लागला, साडेसहाला उठला. आठ पोच्यांचे ९,००० ठरले होते, एक सोडला म्हणून स्वतःहून ७,५०० घेतले. पावती देत नाही, मागितली तर हसतो. ज्यांना विम्याला बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्यावं. छताचं रेक्झिन परत बसवताना मागच्या काचेजवळ एक सुरकुती ठेवली, ती मला रोज आरशात दिसते. मुद्दाम सांगतो, कारण पत्र्यात एवढा बारीक माणूस शिवणात ढिसाळ का, हे मला कळलेलं नाही.

निघताना आमची ही माजघरातून सासूबाईंची तांब्याची कळशी घेऊन आली. पोटाला अंगठ्याएवढा पोचा. पोराने गळ्यातून आखूड सळई घातली, कळशी दिव्याच्या पाटीसमोर मांडीवर धरली आणि पाच मिनिटांत पोट गोल करून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, दोन डझन हापूस घेतले, तेही निवडून.

ज्यांना बोलवायचं असेल त्यांच्यासाठी: उथळ, पसरट पोचा आणि कंपनीचा रंग असेल तर डोळे झाकून बोलवा. पत्र्याच्या कडेला बसलेला, धारेचा किंवा रंगवलेल्या जागेचा असेल तर आधी फोटो पाठवा, तो खरं सांगतो. आतून गंज असेल तर सरळ आमच्यासारख्या हातोडेवाल्याकडे जा. जून ते सप्टेंबर तो घाट उतरत नाही, आणि त्याला सावलीची जागा लागते, उन्हात त्या पाटीवरच्या रेघा दिसत नाहीत.

फियाट परत मांगरात. नारळवाला परवा पुन्हा येऊन गेला, मी गाडी हलवली नाही. टपावर दोन गाद्या टाकल्या आणि स्वतः खाली बसून राहिलो.