दाल पकवान चार स्टार, कढी हवी तर रविवारीच जा

अस्तर आणि फॉल आणायला दर पंधरा दिवसांनी मला डोंबिवलीहून उल्हासनगरला जावं लागतं. हे दाल पकवानचं दुकान तिथल्या गजानन मार्केटजवळच्या गल्लीत आहे. नाव विचारू नका, पाटी सिंधीत आहे, तीही अरबी लिपीत.

पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी. इथलं ताटलीएवढं, ओवा-जिरं घातलेलं, इतकं खुसखुशीत की हात लावला की मोडतं. डाळ वर ओतायला देऊ नका, बाजूला मागा. हरभऱ्याची डाळ दिसते अख्खी, पण दाताला लागत नाही. चिंचेची चटणी मात्र पाकासारखी गोड आणि कांदा दुसऱ्यांदा मागितला की दहा रुपये! एक स्टार त्यासाठी कापला.

सिंधी कढी रविवारीच असते. पहिल्या वेळी मी ती परत पाठवली होती. कढी म्हणजे ताकाची, एवढंच मला ठाऊक. ही भाजलेल्या बेसनाची, आंबट, आत शेवगा, भेंडी, गवार. गल्ल्यावरचे दादा (सिंधीत वडीलधाऱ्यांना दादा म्हणतात, हे तर ८६ वर्षांचे) हसले आणि वाटी पुन्हा समोर ठेवली. मराठी गिऱ्हाइकाला पापड फुकट, कारण दादांचे वडील कराचीला मराठी माणसाच्या नावाच्या शाळेत, नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूलमध्ये शिकले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता.

गल्ल्यामागे माशावर बसलेल्या झुलेलालची, सिंधींच्या देवाची, तसबीर आहे. दादांचे वडील आणि त्यांचा मुसलमान दूधवाला, दोघंही सिंधमधल्या उडेरोलालला, झुलेलालच्या जत्रेला जायचे. एकाच आवारात देऊळ आणि दर्गा. तिथले मुसलमान याच संताला शेख ताहिर म्हणतात.

परवा गर्दी नव्हती. माझ्या पिशवीतून बॉबिनचा डबा सांडला, तो उचलून देताना दादा बोलायला लागले. फाळणीत पंजाब पेटला होता तेव्हाही कराची बरीच शांत होती, म्हणून वडील निघायचं नाव घेत नव्हते. ६ जानेवारी १९४८ ला गुरुद्वारात आसऱ्याला आलेल्या शिखांवर जमाव तुटून पडला, माणसं मारली, मग शहरभर हिंदूंची घरं लुटली. दादा आठ वर्षांचे होते. आईचं शिवणयंत्र दोघांनी उचलून नेलं. त्यातला एक त्या दूधवाल्याचा मुलगा.

"त्याने मला पाहिलं. मान खाली घातली, पण मशीन सोडलं नाही."

मग बोटीने मुंबई, तिथून कल्याणची लष्करी छावणी. एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. १९४९ मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. पंजाब्यांना निदान अर्धा पंजाब मिळाला, असं म्हणून ते सुट्टे मोजायला लागले.

माझं मशीन कुठलं, विचारलं त्यांनी. उषा, म्हटलं.

"आईचं सिंगर होतं."

कढी साडेबाराला संपते. सोमवारी बंद. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही.