इस्तोरात दुहेरी बघायची तर कोर्टाच्या लांबीच्या बाजूला बसा

जकार्तातल्या इस्तोरा सभागृहात जानेवारीत इंडोनेशिया मास्टर्स आणि जूनमध्ये इंडोनेशिया ओपन या बॅडमिंटन स्पर्धा भरतात. तेव्हा इथली मराठी मंडळी मला दर वेळी एकच प्रश्न विचारतात: "इस्तोराला जाऊ का? गेलो तर तिकीट कुठलं काढू?" फोनवर प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते. जा, नक्की जा. आणि पैसे वाचवायचे असतील तर ते दिवसावर वाचवा, जागेवर वाचवू नका. रविवारच्या फायनलचं लांबच्या कोपऱ्यातलं तिकीट काढण्यापेक्षा मंगळवार-बुधवारचं, कोर्टाच्या लांबीच्या बाजूचं, जाळीच्या रेषेतलं तिकीट काढा. सुरुवातीच्या दिवसांची तिकिटं खूपच स्वस्त असतात आणि दुहेरी त्या दिवशी भरपूर बघायला मिळते.

मी स्वतः कॉलेजात दुहेरी खेळायचे, जाळीजवळची खेळाडू म्हणून. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो, त्याला सहा वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं 'गोर' आहे. गोर म्हणजे इनडोअर हॉल. इथे जवळजवळ प्रत्येक वस्तीत असतो. तिथे आम्ही सहा-सात बायका आठवड्यातून तीनदा सकाळी खेळतो. शटलची नळी वर्गणी काढून आणायची, दोन गेम झाले की जागा सोडायची, असा रिवाज. तिथेच बूंची ओळख झाली ('बू' असं इथे मोठ्या बाईंना म्हणतात). बूंनी पासष्टी ओलांडली आहे, पण अजून सर्व्हिस अशी टाकतात की उचलूनच द्यावी लागते. त्या मला 'म्बाक' म्हणतात, म्हणजे ताई, वयाने मी लहान असूनसुद्धा. जावामध्ये तशी रीत आहे. इस्तोराला मी नेहमी त्यांच्याबरोबरच जाते. इथे मी जे लिहिते आहे त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं आहे.

पोहोचणं सोपं आहे. एमआरटीने इस्तोरा स्टेशनला उतरायचं. भाडं अंतराप्रमाणे ३,००० ते १४,००० रुपिया. तिथून गेलोरा बुंग कार्नो या क्रीडासंकुलाच्या आवारातून चालत जायचं. जानेवारीत छत्री हवीच, पाऊस दुपारनंतर हमखास येतो. आवारात तिकीट घेऊन उभे असलेले लोक भेटतील, त्यांना इथे 'चालो' म्हणतात. २०२३ मध्ये मी अशाच एकाकडून घाईत तिकीट घेतलं. त्याने जाळीच्या रेषेतली जागा म्हणून सांगितलं होतं, आत गेले तर निघाला पार कोपरा. दीडपट पैसे गेले आणि दिवसभर मान वाकडी करून बसावं लागलं. तिकीट आधीच काढा.

आता इमारतीविषयी. इस्तोरा म्हणजे 'इस्ताना ओलाहरागा', खेळाचा राजवाडा. १९६२ च्या आशियाई खेळांसाठी हे सगळं संकुल उभं राहिलं. त्यातला इस्तोरा १९६१ मध्येच तयार झाला आणि त्याच वर्षी इंडोनेशियाने इथे थॉमस कप, म्हणजे पुरुषांच्या सांघिक बॅडमिंटनचा जागतिक करंडक, राखला. २०१८ च्या आशियाई खेळांआधी आतून सगळा बदलला. आता प्रत्येकाला वेगळी खुर्ची मिळते आणि साधारण सात हजार माणसं बसतात. जुन्या बाकांवर याहून जास्त दाटीने बसायचे, असं बू सांगतात. पण आवाज कमी झालेला नाही. आपला खेळाडू शटल मारेल त्या प्रत्येक फटक्याला सगळं सभागृह एकसुरात "एआ!" म्हणतं. रॅली तीस फटक्यांची झाली तर पंधरा वेळा. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता. ती २०२२ च्या जूनमधली गोष्ट, ग्रेसिया पोलीच्या निरोपाचा दिवस. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने आणि अप्रियानी राहायुने महिला दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं, इंडोनेशियाचं महिला दुहेरीतलं पहिलंच. बू त्या दिवशी पूर्ण वेळ उभ्याच होत्या.

तर मुद्द्याची गोष्ट, जागा. टीव्हीचा कॅमेरा असतो बेसलाइनच्या मागे, उंचावर. त्यातून रुंदी छान दिसते. शटल डावीकडे गेलं की उजवीकडे ते कळतं. पण लांबी चेपली जाते. पुढचा खेळाडू जाळीपासून एक हात आहे की दीड मीटर, हे तिथून कळतच नाही. शटल जाळीवरून किती घासून गेलं तेही कळत नाही. आणि दुहेरीचा सगळा खेळ याच दोन गोष्टींवर चालतो. कोर्ट १३.४० मीटर लांब आणि ६.१० रुंद. त्यात चार माणसं, आणि जो शटल वर उचलेल त्याने स्मॅश खायचा. म्हणून चौघंही उचलायचं टाळत असतात. लांब बाजूला बसलात की हे टाळणं डोळ्यांनी दिसतं.

सर्व्हिसचंच बघा. २०१८ पासून नियम असा आहे की सर्व्हिस करताना पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच. म्हणजे शटल खालून वर जाणारच. प्रश्न एवढाच की त्याचा सर्वांत उंच बिंदू कुठे येतो. चांगल्या सर्व्हिसचा तो बिंदू सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूला येतो, आणि जाळी ओलांडताना शटल उतरायला लागलेलं असतं. वाईट सर्व्हिसमध्ये ते पलीकडे जाऊनही चढतच राहतं आणि समोरचा एका पावलात ते दाबतो. टीव्हीवर दोन्ही सर्व्हिस सारख्याच वाटतात. माझ्या खुर्चीतून हा फरक वीतभर दिसतो. पाच मिनिटं नुसती सर्व्हिस बघत बसा, पुढचा सगळा सामना वेगळाच दिसायला लागेल.

मला हे उमजलं ते लिओ रॉली कार्नांदोला बघताना. त्याच्याकडे लक्ष गेलं तेही बूंमुळे, कारण त्यांचं माहेर क्लातेनचं आणि लिओही क्लातेनचा. योग्यकर्ता आणि सोलो यांच्या मधलं हे गाव; भातशेती आणि जवळच प्रंबाननची देवळं. तिथून तो कुदुसच्या जारुम क्लबात गेला. हा क्लब १९६९ साली सिगारेटच्या कारखान्याच्या हॉलमध्ये, कामगारांच्या खेळातून सुरू झाला. आज तिथल्या जाती भागातल्या हॉलमध्ये १६ कोर्टं आहेत. लहान वयात घर सोडून वसतिगृहात राहायचं, तिथून निवड झाली की पूर्व जकार्तातल्या चिपायुंगच्या राष्ट्रीय शिबिरात यायचं, ही इथली वाट. २०१८ मध्ये लिओ कॅनडात मिश्र दुहेरीत जागतिक ज्युनियर विजेता झाला. २०१९ मध्ये कझानला डॅनियल मार्थिनबरोबर पुरुष दुहेरीत. डॅनियल जकार्ताचा. दोघांच्या जन्मतारखांत दोनच दिवसांचं अंतर: २९ आणि ३१ जुलै २००१. बू त्यांना 'जुळे' म्हणतात.

२०२२ मध्ये या जुळ्यांनी व्हिएतनाममध्ये आग्नेय आशियाई खेळांचं सुवर्ण घेतलं आणि जुलैत सिंगापूर ओपन जिंकलं, तेही फायनलमध्ये आपल्याच ज्येष्ठांना, फजर अल्फियान आणि मुहम्मद रियान अर्दियांतो यांना हरवून. पुढच्या जानेवारीत मी त्यांना इस्तोरात पहिल्यांदा जवळून पाहिलं, आठवड्याच्या सुरुवातीला, बाजूच्या कोर्टवर. शेजारच्या कोर्टवरही सामना चालू, अर्धं सभागृह तिकडे बघत होतं. आणि मला त्या दोघांमधली फट दिसत होती. स्मॅश मारून मागचा पुढे धावला की पुढच्याने बाजूला सरकायचं असतं, पण ते अर्धं पाऊल उशिरा व्हायचं. मग दोघांच्या मधोमध शटल यायचं आणि दोन रॅकेट एकदम उठायच्या. अशी फट तरुण जोड्यांत असतेच. सामना पुढे गेला तशी ती बुजत गेली. त्या रविवारी, २९ जानेवारी २०२३ ला, ते इंडोनेशिया मास्टर्सचे विजेते झाले. फायनलला मी घरी टीव्हीसमोर होते. फट बुजल्याचं मला तिथून दिसलं नसतं. मंगळवारी पाहिली होती म्हणून कळलं.

२०२४ च्या जानेवारीत मात्र फायनललाही गेले, लांब बाजूला, खालून दहाव्या ओळीत. समोर डेन्मार्कचे किम अस्ट्रुप आणि आंदर्स स्कारुप रासमुसेन. लिओ-डॅनियल सलग दुसऱ्यांदा जिंकले. सभागृह इतकं हादरत होतं की बाटलीतलं पाणी थरथरत होतं. पण माझ्या लक्षात राहिलं ते लिओ सर्व्हिस घ्यायला कसा उभा राहायचा ते. पुढचं पाऊल जवळच्या सर्व्हिस रेषेच्या अगदी लगत मागे, रॅकेट कपाळाच्या उंचीवर, आणि सगळं शरीर स्तब्ध. ती रेषा जाळीपासून १.९८ मीटरवर असते. इतक्या पुढे उभं राहायचं म्हणजे मागे फ्लिक, म्हणजे झटक्यात डोक्यावरून टाकलेली सर्व्हिस, आली तर उलटं उडायची तयारी हवी. समोरच्याला ते दिसतं, तो बिचकतो, सर्व्हिस केसभर वर जाते. हा दबाव आहे, आणि अजून शटलला हातही लागलेला नसतो. मी जाळीवरची खेळाडू, मला त्या क्षणी माझ्या मनगटात ओढ जाणवली.

मग त्याच वर्षी जोडी मोडली. लिओला बगास मौलाना मिळाला आणि डॅनियलला शोहिबुल फिक्री. बगास आणि फिक्री म्हणजे २०२२ च्या ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचे विजेते. बातमी आली त्या दिवशी बू खेळायला आल्या नाहीत. मला त्यांची समजूत काढता आली नाही, कारण मलाही ते पटलं नव्हतं. दोन वर्षं अर्ध्या-अर्ध्या पावलाने बुजवलेली फट पुन्हा उघडायची, दुसऱ्या उंचीच्या, दुसऱ्या सवयीच्या माणसाबरोबर. एकेरीच्या खेळाडूला हे दुःख कळायचं नाही. पण लिओ-बगासने पहिल्याच महिन्यांत कोरिया ओपन जिंकलं आणि २०२५ च्या मार्चमध्ये ऑल इंग्लंडची फायनल गाठली. तिथे कोरियाच्या किम वॉन-हो आणि सेओ सुंग-जे यांच्याकडून हरले. आता माझं मत बदललं आहे. मोडायला नको होती असं अजूनही वाटतं, पण लिओ दोन जोडीदारांचा शहाणा झाला हे दिसतं आहे.

जोडी टिकली तर काय होतं तेही याच इस्तोरात पाहायला मिळतं. २०२५ च्या जानेवारीत हेंद्रा सेतियावान आणि मोहम्मद अहसान यांनी इथेच निरोप घेतला. हेंद्रा चाळिशीचा. तीन वेळा एकत्र जागतिक विजेते. शेवटच्या दिवसांतही त्यांच्यात धावपळ नव्हती. एक सरकला की दुसरा आधीच रिकाम्या जागी पोहोचलेला असायचा. बू रडल्या, मीही रडले, पुढच्या ओळीतला कॉलेजचा मुलगा रडला आणि त्याने आम्हा दोघींना टिश्यू दिले.

मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०२३ च्या जूनमध्ये, इंडोनेशिया ओपनच्या फायनलला आपले सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी मलेशियाच्या आरन चिया आणि सोह वूई यिकला २१-१७, २१-१८ हरवून जिंकले. सुपर १००० या सर्वांत वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय दुहेरी जोडी. एकही इंडोनेशियन कोर्टवर नसताना माझ्या भोवतीचे लोक चिरागच्या प्रत्येक फटक्याला "एआ!" म्हणत होते. खेळ चांगला असला की हे लोक आपलंच माणूस समजून ओरडतात. आदल्या वर्षी बँकॉकला थॉमस कपच्या फायनलमध्ये याच भारतीय जोडीने यांच्या अहसान-केविनला हरवलं होतं, भारताने कप नेला होता, तरीसुद्धा. बूंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "आज तुझी पाळी."

खाण्यापिण्याचं थोडक्यात. बाहेरच्या गाड्यांवर सियोमाय खा: वाफवलेली माशांची मोदकांसारखी पुरचुंडी, वर शेंगदाण्याची चटणी. शाकाहारी असाल तर त्यातला नुसता बटाटा, कोबी आणि टोफू मागा, देतात. मी शेवटचं २५,००० रुपियात खाल्लं. आत एसी जोरात असतो, शाल न्या. लहान मुलं असतील तर कानांत घालायला काहीतरी ठेवा. फुगवलेल्या काठ्या आपटतात त्याचा आवाज डोक्यात जातो. स्वच्छतागृह सामना सुरू झाल्यावर गाठा, दोन सामन्यांच्या मधे रांग संपत नाही.

आणि सुरुवातीच्या दिवशी गेलात तर पहिल्या सामन्यापासून बसा. तीन-तीन कोर्टांवर एकदम खेळ चालतो, कुठे बघावं कळत नाही. बूंची पद्धत अशी: वेळापत्रकात सर्वांत तरुण जोडी शोधायची, तिचं कोर्ट ज्या बाजूला असेल तिकडे सरकायचं आणि शेवटपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. येत्या जानेवारीचा मंगळवार आम्ही राखून ठेवला आहे. बूंनी गेल्या वेळच्या काठ्यांमधली हवा काढून, घडी करून, कपाटात ठेवल्या आहेत.